दोन शतांश

होंगेची फुलं गळायला लागली, की आमच्याकडे प्रॅक्टिकल परीक्षा आली असं समजायचं. होंगे म्हणजे आपला करंज. बेंगळूरला आल्यावर मला या झाडाचं कानडी नाव आधी कळलं, आणि कितीतरी दिवसांनी लक्षात आलं, की हे तर निपाणीतल्या आमच्या शाळेमागचंच झाड. बोम्मसंद्र्याच्या आमच्या वर्कशॉपच्या पत्र्यावर त्याची फुलं पडत राहतात. फिकट जांभळी, ज्वारीच्या लाह्यांएवढी. वाऱ्यानं ती खिडकीतून आत येतात आणि कानशीनं घासून पडलेल्या लोखंडाच्या भुशात मिसळतात. झाडणाऱ्या मुनियम्मा रोज कुरकुरतात, "अय्यो, या झाडाला स्वल्प तरी लाज आहे का? आत्ता झाडलं, आत्ता परत!" मी हसते. पण त्या केरभरणीत जांभळी फुलं आणि काळा भुसा एकत्र दिसला, की माझं हसू तिथंच थांबतं.

मी इथं टूल अँड डाय मेकिंग, म्हणजे कारखान्यांची हत्यारं आणि साचे घडवायला शिकवते. बनशंकरीहून निघून, मेट्रो बदलून, सकाळी आठला वर्कशॉपमध्ये पोचते. माझ्या वडिलांचं, दादांचं, निपाणीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, डिप्लोमा करून मग इंजिनिअर झालेलीही पहिली. दादा आजही कुणी भेटलं की सांगतात, "आमची वैशाली लोखंडाला वळण लावायला शिकवती." त्यांच्या तोंडून ते ऐकलं, की मला अभिमान वाटायला हवा. वाटतोही. पण त्या अभिमानाखाली एक जागा रिकामी आहे, आणि ती कुणामुळे रिकामी आहे ते मी दादांना कधी सांगितलेलं नाही.

आज मुलांना परीक्षेचं ड्रॉइंग वाटलं. जॉब, म्हणजे घडवायचा नग, जुनाच. पोलादाचे दोन ठोकळे. एकात चौकोनी खाच कापायची, दुसऱ्याला त्या खाचेत बसेल असा चौकोनी खुंटा ठेवायचा. माप वीस मिलिमीटर, सूट फक्त मिलिमीटरच्या एका शतांशाची. खाच एकानं करायची आणि खुंटा दुसऱ्यानं. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. जोडी ठरली, की दोघांची बाकं वर्कशॉपच्या दोन टोकांना. आपला तुकडा जोडीदाराला दाखवायचा नाही, आपलं माप सांगायचं नाही. दोघांनी फक्त ड्रॉइंगवर विश्वास ठेवायचा. शेवटच्या दिवशी परीक्षक दोन्ही तुकडे एकात एक सरकवतात आणि खिडकीसमोर उजेडात धरतात. सांध्यातून उजेड आला नाही, तर जोडी पास.

"मॅडम, मला ही पार्टनर नको. ही घासत बसली की उठतच नाही."

"आणि हा घासतच नाही मॅडम, नुसते जॉबचे फोटो काढतो."

सगळे हसले. मीही चिठ्ठ्यांचा डबा हलवत हसले. बारा वर्षांपूर्वी याच वर्कशॉपमध्ये अशाच डब्यातून माझ्या हातात एक चिठ्ठी आली होती. तिच्यावर लिहिलं होतं, रेणुका.

आमच्या बॅचमध्ये आम्ही दोघीच मुली. ती रायबागजवळच्या एका खेड्यातली. वडील लहानपणीच गेलेले, घरात शब्द चालायचा तो काकांचा. काकांनी तिला बेंगळूरला पाठवताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "जा. पण एक विषय जरी राहिला, तर गाशा गुंडाळून परत. मग मी बघतो काय करायचं ते." काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं. एक स्थळ आधीच येऊन गेलं होतं. रेणुका मला हे हसत हसत सांगायची. "मी काय नापास होते व्हय? माझी कानस बघितलीस का कशी चालती?"

खरंच, तिच्या कानशीसारखी कानस मी पुन्हा पाहिली नाही. पहिले तीन महिने आमच्याकडून नुसतं घासून घेत. एक ओबडधोबड ठोकळा द्यायचे आणि म्हणायचे, सहाही बाजू सपाट आणि काटकोनात कर. बस्स. तळहाताला फोड यायचे, फुटायचे, तिथं नवीन यायचे. जेवताना भाताला लोखंडाचा वास. आंघोळ केली तरी नखं काळी. वसतिगृहातल्या बाकीच्या मुली कॉम्प्युटर शिकायच्या. त्या आमच्या हातांकडे बघून ओढणी आवरून बसायच्या. पण त्या घासण्याला एक आवाज असतो, आणि प्रत्येकाचा वेगळा. डोळे मिटून मी सांगू शकायचे, कोणत्या बाकावर कोण आहे. रेणुकाचा आवाज लांब आणि सावकाश, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. माझा तुटक, घाईचा. ती मला म्हणायची, "वैशे, उंदीर कुरतडल्यागत काय घासतीस? लोखंड पळून चाललंय का कुठं?"

आमचे शिवण्णा सर उमेदीत बेळगावच्या एका फौंड्रीत होते, त्यामुळे त्यांना आमची मराठी कळायची आणि ते त्यांची एक वेगळीच मराठी बोलायचे. मुलींना ते अम्मा म्हणत. त्यांची दोन वाक्यं आम्हाला झोपेतही पाठ होती. एक, "जास्त राहिलं तर घासता येतं अम्मा, कमी झालं तर देवाला पण जोडता येत नाही." दुसरं, "गरम लोखंड फुशारकी मारतं. गार होऊ दे, मग माप विचार." लोखंड तापलं की फुगतं. हातरुमालात धरावं लागेल इतकं तापलं, तर दीड-दोन शतांशांनी मोठं दिसतं. तेवढं माप दिसतं म्हणून तुम्ही समाधानानं थांबता आणि ते गार होऊन आपल्या खऱ्या मापावर येतं. खरं माप कमीच असतं.

हे मला पाठ होतं. तरी मी तीच चूक केली.

परीक्षेचा दुसरा दिवस. खाच हातानं घासायची होती, खुंट्याचा शेवटचा हात मात्र ग्राइंडिंग मशीनवर. माझ्या मागं चार मुलं नंबर लावून उभी. मशीनवर गार पाणी सोडणारा पाइप तुंबलेला. साफ करत बसले असते तर नंबर गेला असता. मी तसाच जॉब चढवला. ठिणग्या उडाल्या, जळका वास आला, मी जॉब चिंधीत धरून मायक्रोमीटर लावला. वीसला अगदी किंचित कमी. हवं तसं. माझ्या छातीत एक मोठ्ठं हलकं काहीतरी उघडलं. दादांना फोन करून सांगावं असं वाटलं.

जेवून परत आले, सहज पुन्हा माप घेतलं. दोन शतांश कमी.

दोन शतांश म्हणजे किती? डोक्यावरचा एक केस घ्या आणि त्याचे उभे तीन-चार भाग करा. त्यातला एक. तेवढं लोखंड माझ्या हातून गेलं होतं आणि ते कुणालाच परत जोडता येणार नव्हतं.

वर्कशॉपच्या मागं हात धुवायचा नळ होता, होंगेच्याच झाडाखाली. मी तिथं उभी राहून रडत होते. रेणुका हात धुवायला आली. बोलायचं नाही हा नियम दोघींना माहीत होता. तिनं नळ पूर्ण सोडला, पाण्याच्या आवाजात म्हणाली, "काय झालं?"

"खुंटा गेला."

"रडू नगंस. किती गेलाय ते सांग फकस्त."

मला माहीत होतं ती का विचारतेय. तिच्या खाचेत अजून लोखंड शिल्लक होतं. तिनं वीसपर्यंत घासायचंच नाही असं ठरवलं, तर माझा बारीक खुंटा तिच्या अरुंद खाचेत चपखल बसणार होता. उजेड येणार नव्हता. दरवर्षी परीक्षक उजेडच बघतात असं वरच्या वर्गातली मुलं सांगायची. मी मान हलवून नको म्हणू शकले असते. नियम मोडेल, तुझी खाच बिघडेल, तुझे काका आहेत, असं काहीही म्हणू शकले असते. नळ वाहत होता. तिच्या केसांत दोन जांभळी फुलं अडकली होती.

मी आकडा सांगितला.

ती हसली. "एवढंच व्हय? मला वाटलं मोडला बिडला." आणि नळ बंद करून गेली. दुपारभर मी माझ्या बाकावरून तिची कानस ऐकत होते. लांब, सावकाश. मध्येच थांबायची, मग अगदी हलका एक हात. ती खाच ड्रॉइंगबरहुकूम करत नव्हती, माझ्या चुकीबरहुकूम करत होती. इतकं जपून माझ्यासाठी कुणी काही केल्याचं मला आठवत नाही, आणि तेव्हाही ते मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी परीक्षकांनी आमची जोडी उचलली. खुंटा खाचेत गेला तो लोण्यात सुरी जावी तसा, आणि थांबला तो हलेना. त्यांनी खिडकीसमोर धरला. उजेडाची रेघसुद्धा नाही. "वाह," ते म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शिवण्णा सरांचा चेहरा फुलला. मग परीक्षकांनी, त्या वर्षी पहिल्यांदाच, खिशातून अचूक वीसच्या मापाचा एक चकचकीत ठोकळा काढला आणि रेणुकाच्या खाचेत घालून पाहिला. तो जाईना. पुन्हा घातला. जाईना. मग माझा खुंटा मोजला.

"फिट फार छान आहे," ते शांतपणे म्हणाले. "पण ही जोडी जगात फक्त एकमेकींनाच बसते. कारखान्यात असा माल कोण घेणार?"

शिवण्णा सर माझ्याकडे बघत होते. मग रेणुकाकडे. त्यांना सगळं कळलं होतं. तिची खाच कधी चुकत नाही, आणि माझं ग्राइंडिंग नेहमी घाईचं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काही सांगायचं आहे का अम्मा? दोघींपैकी कुणाला?"

मी तेव्हा बोलले असते, तर सरांनी परीक्षकांची मनधरणी करून तिला नवा ठोकळा दिला असता असं मला आज वाटतं. कदाचित नसताही दिला. माप सांगितल्याबद्दल दोघींना काढूनही टाकलं असतं. मला दादांचं दुकान दिसलं, पंक्चरच्या पाण्याची ती पत्र्याची घमेली दिसली. रेणुका खाली जमिनीकडे बघत होती. ती माझ्यासाठी थांबली होती की मला वाचवत होती, हे मी बारा वर्षं स्वतःला विचारत आले.

मी काही बोलले नाही.

आमच्याकडे एक रीत होती, आजही आहे. नापास झालेला जॉब ज्यानं केला त्यानंच लाल रंगानं त्यावर फुली मारायची आणि स्वतःच्या हातानं भंगाराच्या पेटीत टाकायचा. दुसऱ्या कुणी टाकायचा नाही. मी फुली मारली आणि टाकला. खण्ण. तो आवाज मला अजून ऐकू येतो. रेणुका माझ्यामागं होती. तिच्या तुकड्याचा आवाज आला की नाही, याकडे तेव्हा माझं लक्षच नव्हतं. मला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी काका आले. पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिची पेटी उचलताना ते मला म्हणाले, "तू पण नापास का? मग तुझ्या घरचे कधी येणार न्यायला?" मी म्हटलं, "सहा आठवड्यांनी फेरपरीक्षा आहे." दादा फोनवर एवढंच म्हणाले होते, "दे की परत. चाक एकदा फुटलं म्हणून सायकल टाकत्यात काय?" रेणुका रिक्षात बसताना म्हणाली, "फेरपरीक्षेला जॉब गार होऊ दे गं बाई." मी ते ऐकलं. पास झाले. मग नोकरी, मग पुढचं शिक्षण, मग ही नोकरी. तिच्या काकांच्या नंबरवर दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा ते म्हणाले, लग्न झालं. त्यानंतर मी केला नाही. नंबर नव्हता हे खरं, पण मी शोधलाही नाही, हे त्याहून खरं.

गेल्या वर्षी नव्या बॅचमध्ये कावेरी नावाची एक मुलगी आली. पहिल्याच दिवशी ड्रिल मशीनवरून काढलेला तुकडा तिनं बाकावर ठेवला आणि हात बांधून उभी राहिली. मी विचारलं, "काय गं, माप घेत नाहीस?"

"गार होऊ दे की मॅडम."

"कुणी शिकवलं?"

"आमच्या गावात गिरणीवाल्या अक्का आहेत. त्यांनीच मला हिकडं धाडलं. घरी येऊन आईला लई भांडल्या."

मी नाव विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. दिवसभर शिकवलं, मेट्रोत बसले, आणि बनशंकरीला उतरायचं विसरून शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले.

दसऱ्याच्या सुट्टीत मी कावेरीच्या गावी गेले. पिठाच्या गिरणीवर रेणुका भुवयांपर्यंत पांढरी होऊन उभी होती. मला ओळखायला तिला एक क्षणही लागला नाही. "आलीस व्हय?" एवढंच म्हणाली, जणू मी बाजारातून परतले होते. नवरा भला माणूस आहे. गिरणीचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी ती स्वतः लावते, पंचक्रोशीतले गिरणीवाले तिला बोलावतात. पट्टा सैल झाला तर तिला आवाजावरून कळतं. मला तिची कीव करायला काही जागा नव्हती, आणि त्यामुळेच जास्त जड गेलं. ते हात बघत होते मी. पिठानं माखलेले, तरीही तसेच, सावकाश.

खंडेनवमीची पूजा मांडली होती. नटबोल्टचे पाने, हातोडा, टाकी, विळा. त्यांच्या मधोमध हळदकुंकू लावलेला पोलादाचा एक ठोकळा. त्यावर लाल फुलीची पुसट खूण. खोबरेल तेलानं तुकतुकीत, कुठं गंजाचा ठिपका नाही.

"टाकला नाहीस?"

"न्हाई. डब्यात घालून आणला. दरसाल तेल लावते." तिनं तो पदरानं पुसून माझ्या हातात दिला. "माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम हाय ते. चुकीचं असंना का." मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, "तुझा आणलास का गं? बघूया की, अजूनबी उजेड येत न्हाई का ते."

माझ्या कानात खण्ण झालं.

"घरी राहिला," मी म्हटलं. "बेंगळूरला."

"मग गुढीपाडव्याला ये. घेऊन ये." ती इतकी आनंदानं म्हणाली, की मी मान हलवली.

तर आता पाडवा आलाय. फुलं पडताहेत. परीक्षा संपली की सलग तीन दिवस सुट्टी. गेले दोन आठवडे मी रिकाम्या वेळात एक खुंटा करत होते. त्याच पोलादाचा, त्याच आकाराचा, दोन शतांश कमी. आकडा मला पाठ आहे. लाल फुली मारायची, थोडा गंजवायचा, घेऊन जायचं. तिला बरं वाटेल, असं मी स्वतःला समजावत होते.

काल दुपारी माप वीसवर आलं आणि माझा हात थांबला. रेणुकानं ती खाच आकड्यासाठी घासली नव्हती. तिच्या भिंतींना कुठं किती चढ, कुठं किती उतार, हे ती खाच हातात घेतल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. इथं बसून मी कितीही बेतानं घासला, तरी तो तिच्या खाचेत बसणार नाही. बसला तरी कानशीच्या एका खुणेवरून तिला कळेल, हा हात कालचा आहे. आणि दुसऱ्यांदा तिला कळलेलं असताना मी गप्प राहीन.

तो तुकडा मी भंगाराच्या पेटीत टाकला. फुली मारून.

आज सकाळी नवीन ठोकळा घेतला. खुंटा कापला, पण जाड ठेवला आहे, अर्ध्या मिलिमीटरनं जास्त. पिशवीत तो ठेवलाय, एक नवी बारीक कानस, एक जुनी, मायक्रोमीटर, आणि तिला आवडायची ती इथल्या बेकरीची खारी. शनिवारी सकाळी तिच्या दारात उतरेन. आधी सांगायचं आहे, की माझा मी त्याच दिवशी टाकला. मग सांगायचं आहे, की सरांनी विचारलं तेव्हा मला बोलायचं होतं आणि मी बोलले नाही. ती काय म्हणेल मला माहीत नाही. कदाचित गिरणी सुरू करेल, आणि त्या आवाजात मी तशीच उभी राहीन.

पण तिनं कानस हातात घेतलीच, तर घासायला लोखंड शिल्लक आहे.